एका कुल्हडात एकच चिठ्ठी

३ डिसेंबर. ड्रॉइंग शोधायचा आमचा जुना प्रोग्राम उद्या बंद होणार, त्याच्या जागी नवा येणार. म्हणून आज त्याचे कागद कपाटातून काढून गठ्ठे बांधत होते. खालच्या खणात मातीचा एक कुल्हड निघाला. पेन्सिल जींचा.

कारखान्यात सगळे त्यांना पेन्सिल जीच म्हणत. कानावर कायम पेन्सिल, आणि आधी पेन्सिलीने लिहिल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही हा नेम. नोकरी रेकॉर्ड रूममधली, यंत्रांच्या सुट्या भागांची हजारो ड्रॉइंग्ज सांभाळायची. त्रेपन्नाव्या वर्षी मुलीचं कॉलेजातलं पुस्तक घेऊन ते प्रोग्रामिंग शिकले. घराणं मराठी, पण पिढ्यान् पिढ्या झाशीतलं. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलेली. माझं मराठी त्यांना पुस्तकी वाटे, मला त्यांचं निम्मं हिंदी.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची, ट्रेसिंग विभागात. हाताने ट्रेसिंग करायचं काम संपत आलं होतं, आणि आपणही त्याच्याबरोबर संपणार हे मला दिसत होतं. म्हणून मी त्यांच्याकडे गेले. शिकवाल का, विचारलं. ते म्हणाले, "शिकवतो. पण बाई, पहिले कागदावर चालवा, मग मशीनला त्रास द्या."

चहाचे वापरलेले कुल्हड धुऊन, वाळवून ते टेबलावर ओळीने मांडत. प्रत्येकावर खडूने एक अक्षर, आत चिठ्ठीवर एक आकडा. कॉम्प्युटर मी. ते वहीतून एकेक ओळ वाचत, मी त्याप्रमाणे चिठ्ठ्या बदलायच्या. एकदा मी नवी चिठ्ठी टाकली आणि जुनी आत तशीच राहिली. त्यांनी कुल्हड टेबलावर उपडा केला. "एका कुल्हडात एकच चिठ्ठी. नवी आली की जुनी गेली. कुठे गेली, मशीन विचारत नाही." जेवणाच्या सुट्टीत महिनाभर आमचं हेच चाले. येणारे-जाणारे थट्टा करत. "क्या पेन्सिल जी, मैडम को चाट खिला रहे हो?" मान वर न करता ते म्हणत, "इमली ख़तम है भैया, मानिक चौक से ले आओ।"

प्रोग्राम सुचला तो एका घोटाळ्यातून. एका भागाचं ड्रॉइंग बदललं होतं, पण जुनं कोणी काढून घेतलं नव्हतं. वर्कशॉपने जुन्यावरूनच भाग कापले, सगळे भंगारात गेले, आणि बोल लागला रेकॉर्ड रूमला. पेन्सिल जी कोणाशी भांडले नाहीत. भागाचा नंबर टाकला की चालू ड्रॉइंग तेवढंच दिसावं, असा प्रोग्राम त्यांनी सात महिन्यांत लिहिला. तीन वह्या भरल्या. टाइप मी करायची, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांची बोटं म्हणजे बैलगाडी.

जुन्या कागदांच्या धुळीने त्यांना दमा जडला होता. ती खोली सोडा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. कॉम्प्युटर विभागात एक जागा निघणार होती. त्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. "हे साहेबांना पसंत पडलं, तर बदली मागतो. चार वर्षं उरलीत नोकरीची. जरा श्वास घेईन म्हणतो." मी म्हटलं, "पडेल पसंत."

साहेबांना दाखवायच्या आदल्या दिवशी, फाइलच्या पहिल्या ओळीत बनवणाऱ्याचं नाव घालायचं राहिलं होतं. मी माझं घातलं. टाइप मी केलं आहे, एवढं कारण मला पुरलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी प्रोग्राम चालवून पाहिला आणि विचारलं, "किसने बनाया?" मागच्या खुर्चीत पेन्सिल जी तोंडावर रुमाल धरून खोकला दाबत होते. खुर्चीचे हात धरून ते उठू लागले.

मी म्हटलं, "सर, मैंने।"

ते खाली बसले.

जागा मला मिळाली. ते काही बोलतील म्हणून मी आठवडाभर उत्तरं तयार ठेवली होती. ते आले, माझ्या नव्या टेबलावर हा कुल्हड ठेवला आणि म्हणाले, "राहू द्या इथे. रिकामा आहे. जुनी चिठ्ठी काढून घेतलीय." मग आपल्या खोलीत गेले. निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत खोकत राहिले. वाटेत भेटले की 'जी मैडम' म्हणत. बाई म्हणणं बंद झालं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांत ते गेले. मी झाशीतच, नगरा वस्तीत, त्यांच्या घरी भेटायला गेले. वहिनींनी मला लाकडी चौकीवर बसवलं, चहा दिला. म्हणाल्या, "तुमचं फार सांगायचे हो. आमची शिष्या कॉम्प्युटरमध्ये मोठी झाली, म्हणायचे." म्हणजे घरी त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. चहा गोड होता, मी तो सगळा प्यायले. खरं सांगायला जागा होती, वेळही होता. मी सांगितलं नाही.

आज गठ्ठे बांधून झाल्यावर प्रोग्राम बंद करण्याचा फॉर्म पाहिला. 'मूळ प्रोग्राम कोणी लिहिला' या रकान्यात माझं नाव छापूनच आलं होतं, फाइलच्या पहिल्या ओळीतून उचललेलं. सही न करता घरी आले.

४ डिसेंबर. सकाळी गेल्याबरोबर फाइल उघडली, पहिल्या ओळीतलं माझं नाव पुसून त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. फॉर्मवरही माझ्या छापील नावावर रेघ मारून त्यांचं लिहिलं. विभागात नवीन आलेले तिवारी पाहत होते.

"ये कौन हैं, मैडम?"

"रेकॉर्ड रूम में थे। यह उन्होंने बनाया था।"

"तो आपका नाम भी रहने दीजिए, टाइप तो आपने किया होगा। और अब फ़र्क क्या पड़ता है, बंद ही तो हो रहा है।"

"नहीं पड़ता," मी म्हटलं. माझ्या नावावर आणखी एक रेघ मारली, खाली सही केली आणि फॉर्म त्यांच्या हातात दिला. साडेअकराला त्यांनी प्रोग्राम बंद केला.