गॅरेजमधला एक डाव

जर्मनीतल्या नेकारसुल्म गावातल्या आमच्या पहिल्याच हॅलोविनला मी लेकीबरोबर घरोघर फिरत होतो. ती चेटकीण झाली होती. कोपऱ्यावरच्या घराचं गॅरेज उघडं होतं आणि आत एक आजोबा जुन्या, खोक्यासारख्या टीव्हीसमोर बसले होते. लेकीने खाऊ मागितला, तर ते जर्मनमध्ये म्हणाले, "आधी एक डाव!"

त्यांनी व्हिडिओ गेमची कॅसेट काढली, तिच्यात फुंकर मारली, स्वेटरला पुसली आणि पुन्हा बसवली. पुण्यात मावशीकडे आम्ही भावंडं अगदी अशीच फुंकर मारायचो. मला हसू आलं.

लेक तीनदा हरली. चौथ्यांदा जिंकली, तेव्हा आजोबांनी उभं राहून तिच्याशी हात मिळवला आणि चॉकलेटांची अख्खी वाटी पुढे धरली.

"एवढा खटाटोप कशाला?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी वाटी दारात ठेवली होती. पोरं चॉकलेटं घेऊन पळाली. मी आपला खिडकीतून पाठमोरी भुतं बघत बसलो."

लेक माझी बाही ओढायला लागली. "पापा, वाइटर!" तिला पुढच्या घरी जायचं होतं. आजोबांनी फळीवरून पत्र्याचा बेडूक काढला, किल्ली दिली आणि तिच्यासमोर सोडला. बेडूक टुणटुण उड्या मारायला लागला, तशी ती फरशीवरच बसली.

मी जॅकेट काढलं आणि बायकोला फोन लावला. "अगं, आम्हाला उशीर होईल. मी खेळायला आलोय."