दोन मासे आणि शेवटचा धोंडा

अधिक महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोन्ही जावयांना गंगापूर रोडच्या घरी धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पुरण भरलेले धोंडे आम्ही असे काही फस्त केले की पातेल्यात एकच उरला. सासरे म्हणाले, "तुम्ही दोघं गेलात त्या अंदमानच्या सहलीत ज्याने मोठा मासा पकडला, त्याला हा."

मी लगेच सरसावलो. "माझा मार्लिन! लासलगावला निघालेल्या कांद्याच्या ट्रॉलीएवढं अंग. गळाला लागला आणि त्याने आमची बोट ओढत अर्धा बंगालचा उपसागर फिरवून आणली."

मालेगावात यंत्रमाग चालवणारे माझे साडू हसले. "साडूभाऊ, तुमचा म्हणजे पाण्यातला रेडा. माझ्या सेलफिशने पाठीवरचा पर उघडला, तर अख्खं लुगडं वाळत घातल्यासारखा! आणि पळाला असा, की त्याची सावली मागे राहिली."

"नुसतं कापडच की हो! वजनाला माझाच भारी."

"अधिकात पंगतीत मासे नकोत हो," सासूबाई आतून ओरडल्या.

सासऱ्यांचा सगळा जन्म कांद्याच्या लिलावात गेलेला. त्यांनी शांतपणे विचारलं, "काट्यावर किती भरले?"

शेवटी मला कबूल करावं लागलं की बोटीच्या नियमाप्रमाणे दोन्ही मासे फोटो काढून पाण्यात सोडले होते.

"वजन न करताच माल सोडला?" सासरे हळहळले. "मग भाव कसला लावू?" असं म्हणून त्यांनी धोंडा स्वतःच्या ताटात घेतला, वर तुपाची धार धरली आणि आमच्याकडे न बघता सावकाश खाल्ला.