उन्हाळ्यातलं सहस्रकुंड
तापलेल्या फरशीवर पाणी मारलं की जो वास येतो, त्यानं मला उन्हाळ्यातलं सहस्रकुंड आठवतं. अपघातानंतर माझ्या आक्काच्या पायात सळई बसवली होती आणि ती लोकांसमोर चालायचं टाळायची. पावसाळ्यात त्या धबधब्यावर जत्रेसारखी गर्दी असते, म्हणून तिनं मुद्दाम मे महिना निवडला. आम्ही पोचलो तेव्हा चहाच्या टपऱ्याही बंद होत्या. पात्रभर नुसते काळे कातळ पसरले होते, खालच्या डोहात हिरवं पाणी निवांत पडलं होतं आणि काठावर एकटा बगळा उभा होता. "हात देऊ का?" मी विचारलं. "न्हाई. तू मागं ऱ्हा," आक्का म्हणाली. कातळ धरत, मध्येच टेकत ती उतरू लागली. एकदा पाय घसरला. मी धावलो, तर तिनं हात वर करून मला थांबवलं. डोहाशी पोचल्यावर दोन्ही पाय पाण्यात सोडून ती मोठ्यानं हसली, आणि ते हसू समोरच्या कड्यावरून परत आलं. "लई शांत हाय रे इथं," ती म्हणाली. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो. आता ती आमच्या गावच्या, भोकरच्या भर बाजारातून लंगडत जाते, आणि कुणी टक लावून बघितलं तर थांबून त्यालाच विचारते, "काय, बरं हाय ना?"