दहा झाले, अकरावा सांगा

"दहा झाले मास्तर. अकरावा तुमी सांगा," असं म्हणून ते पेन्सिल माझ्यापुढे धरायचे. खात्याच्या जुन्या फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर दहा नावं एकाखाली एक लिहिलेली असत. त्यांच्याखाली अकराचा आकडा आणि पुढे मोकळी जागा. आपल्या देशाचा क्रिकेटचा संघ दर आठवड्याला त्यांच्या टेबलावर असा एका माणसाने अपुरा राहायचा.

ते राजूरच्या गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मी तिथल्या शाळेत नवा मास्तर. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. माणूस मूळचा नेवाशाकडचा, पन्नाशी ओलांडलेला, अंगाला कायम फिनेलचा वास. बायको लग्नानंतर दोन वर्षांत वारली, मूलबाळ नाही. दवाखान्यामागच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि एक ट्रान्झिस्टर. सेल उतरले की ते खिडकीत उन्हात ठेवायचे आणि तासातासाला जाऊन त्यांची कूस बदलून यायचे.

पाच दिवसांचा सामना असला की दवाखान्याला जत्रेचं रूप यायचं. समोरचा गेनूभाऊ शिंपी मशीन सोडून येई, शाळा सुटली की मी जाई, आणि बैलाला इंजेक्शन द्यायला आलेली माणसंही टेकत. एकदा एक म्हातारबा वैतागून म्हणाले, "अवो कंपाउंडर, आधी माझ्या म्हशीचं बघा. तुमचा बोलर काय मरत न्हाई." कंपाउंडरांनी म्हशीचं पाहिलं, पण ट्रान्झिस्टर काखेत धरून.

वाद संघनिवडीचा. गेनूभाऊचं म्हणणं ठरलेलं, "तीन-तीन फिरकीवाले कशाला? एखादा फास्टवाला घ्या की."

"घेतो," कंपाउंडर शांतपणे म्हणत. "काढू कुनाला, त्येवढं सांगा."

तिथे गेनूभाऊ अडकायचा. मग तास-तास जाई. कोणी अकरावं नाव सुचवलं, की कंपाउंडर त्यातली खोट काढत आणि पेन्सिल दुसऱ्यापुढे धरत. मला वाटायचं, या माणसाला निर्णयच घेता येत नाही. एकदा मी म्हणालोही, "खात्याने तुम्हाला दहाच माणसं मंजूर केलीत का हो?" ते खूप हसले. पण जागा मोकळीच ठेवली.

देशातल्या विभागांचे एका दिवसाचे सामने तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. तसला एक सामना रेडिओवर लागणार असं कळलं आणि दवाखान्यात नवीच भांडणं सुरू झाली. सावकाश खेळणारा एक सलामीचा फलंदाज कंपाउंडरांच्या फार मर्जीतला.

"तासभर हालत न्हाई त्यो," ते म्हणाले.

"तासभर हालला न्हाई तर ओव्हरी संपत्याल की," गेनूभाऊ म्हणाला. "एका दिवसात निकाल लावायचाय. त्याला घरी बसवा."

"एका दिवसात मानसाचं काय कळतं, गेनूभाऊ?"

सामन्याच्या रविवारी त्यांनी माझ्याकडून शाळेची दोन बाकं मागून घेतली. पातेलंभर चहा, शेव-चिवडा, नवे सेल. पंधरा-वीस माणसं जमली. त्यांचा तो फलंदाज संघात होता. तो टिकला खूप, पण धावा इतक्या थोड्या केल्या की गेनूभाऊने कंपाउंडरांना जिणं नकोसं केलं. तरी उन्हं कलायच्या आत आपला विभाग जिंकला. टाळ्या झाल्या आणि माणसं धोतर झटकत उठली.

"उद्या किती वाजता येताय?" कंपाउंडरांनी विचारलं.

"उद्या कशाला?" गेनूभाऊ चपला शोधत म्हणाला. "मॅच संपली की आता."

बाकं न्यायची म्हणून मी मागे राहिलो. अर्धं पातेलं चहा तसाच होता. कंपाउंडर कपबशा गोळा करत म्हणाले, "मास्तर, पाच दिवसाचाच सामना बरा. हरलो तरी दुसऱ्या दिवशी मानसं येत्यात."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संघ पुरा झाला की माणसं उठून जातात, म्हणून ही अकरावी जागा. मला माझ्या थट्टेची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात गेलो आणि म्हणालो, "कालचा तुमचा सलामीवाला चुकलाच." त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. गेनूभाऊलाही मी ओढून आणलं. तो एका दिवसाचा सामना आम्ही शुक्रवारपर्यंत खेळलो.

पुढच्या वर्षी माझी राहात्याला बदली झाली. निघताना ते म्हणाले, "कार्ड टाकीन. अकरावा तुमी कळवायचा." महिन्याला एक कार्ड येऊ लागलं. वर खुशाली एका ओळीत, खाली दहा नावं. मीही दोन्ही बाजू भरून भांडायचो. मग लग्न झालं, वरचे वर्ग मिळाले, शिकवण्या सुरू झाल्या. एकदा त्यांचं कार्ड आठ दिवस टेबलावर पडून होतं. शेवटी घाईत लिहिलं, 'अकरावा तो डावरा घ्या. बाकी संघ उत्तम. कळावे.'

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पण मला माहीत होतं ना. पेटीत टाकतानाच माहीत होतं. त्यानंतर त्यांचं कार्ड आलं नाही, आणि आपणच एखादं टाकावं हे मी रोज उद्यावर ढकललं.

सात-आठ महिन्यांनी एका लग्नासाठी राजूरच्या अलीकडे अकोले इथपर्यंत गेलो होतो, तसाच पुढे राजूरला गेलो. दवाखान्यात नवा कंपाउंडर होता. गेनूभाऊने मशीन थांबवलं. "तुमाला कळलं न्हाई व्हय? पावसाळ्यात गेले. चार दिवस ताप हुता. आमाला वाटलं, बाहेर दिसत न्हाईत तर गावाला गेल्यात." मग आतून एक कार्ड आणून त्याने माझ्या हातात दिलं. ते त्यांच्या उशाखाली सापडलं होतं. पत्ता माझाच होता, पूर्ण लिहिलेला. टाकायचं तेवढं राहून गेलं होतं.

'मास्तरांस नमस्कार. तुमचा डावरा घेतला. पण मग विचार केला आणि माझा सलामीवाला काढला. गेनूभाऊ म्हणतात ते खरं आहे. तरी आता पुन्हा दहाच झाले. सवड होईल तेव्हा कळवा.'

खाली दहा नावं होती, आणि अकराचा आकडा.