रोहित पाहायला नेलेली आई

हडपसरच्या आयटी पार्कमध्ये नोकरी लागली, फ्लॅट घेतला आणि भंडाऱ्याकडच्या आमच्या खेड्यातून आईला पुण्याला घेऊन आलो. मी दिवसभर कंपनीत, ती सातव्या मजल्यावर. शेजारीपाजारी सगळे कुलपं लावून कामाला गेलेले. दोन महिन्यांत ती इतकी गप्प झाली, की मला धास्तीच वाटायला लागली. म्हणून थंडीतल्या एका रविवारी तिला सोलापूरकडे जाणाऱ्या एसटीत बसवलं आणि भिगवणजवळच्या एका गावी नेलं. उजनी धरणाच्या पाण्यावर तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात.

"पाखरं पाहाले एवढ्या दूर?" वाटेत ती एवढंच बोलली.

होडी एक कोळीण चालवत होती, आईपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. "बसा मावशी, भ्यायचं काय कारन न्हाय," म्हणत तिने आईचा हात धरला. बऱ्याच वेळाने लांब पाण्यात पांढरट-गुलाबी रेघ दिसू लागली. पण जवळ जाता जाता पाणी उथळ झालं आणि होडी गाळात रुतली. बाईने बांबू टेकवून जोर लावला, मग स्वतः खाली उतरून ढकलून पाहिलं. होडी हलेना. नवे बूट काढावेत की नाही, या विचारात मी बसलो होतो. तेवढ्यात आईने पदर खोचला आणि सरळ पाण्यात पाय टाकला.

"आई, अगं काय करतेस!"

"सारा जनम धानाची रोवणी केली मी. चिखल मले नवा हाये का?"

दोघी होडीला भिडल्या. मला लाज वाटली. घाईघाईने उतरलो, गुडघ्यापर्यंत रुतलो आणि तोल जाऊन फतकन चिखलातच बसलो. आई इतक्या मोठ्याने हसली, की समोरचा सगळा थवाच उठला. बसलेला असताना फिका दिसणारा तो थवा पंख उघडताच लालभडक झाला आणि आमच्या डोक्यावरून गेला. आम्ही तिघं माना वर करून पाहत राहिलो.

"पाय पाहा त्याइचे, पाय!" मागे काड्यांसारखे लोंबणारे पाय दाखवत आई लहान मुलीसारखी ओरडली.

होडी निघाली, काठाला लागलो, तशी पाय धुवायला म्हणून बाईने घरी नेलं आणि जेवल्याशिवाय काही सोडलं नाही. चिलापी माशाचा झणझणीत रस्सा होता. आई थेट चुलीपाशी जाऊन बसली. आमच्याकडे रश्शात जवस वाटून घालतात, असं तिने सांगितल्यावर त्या बाईने नाक मुरडलं, आणि तिथून दोघींची जी जुंपली ती एसटीची वेळ होईपर्यंत.

त्या हिवाळ्यात आम्ही आणखी दोनदा गेलो. त्यानंतरच्या वेळी मला ऑफिसचं काम निघालं, तर ती एकटीच गेली. संध्याकाळी परतल्यावर पाखरांबद्दल तिने दोन वाक्यं सांगितली. त्या बाईच्या नव्या सुनेबद्दल मात्र जेवण संपेपर्यंत बोलत होती.