सत्तावीस नंबर

ही गोष्ट मी पन्नास वर्षं टाळली. परवा नातीने सलीमचं पुस्तक हातात दिलं आणि शाईच्या वासाने मी निजामपुऱ्यातल्या लूमवर जाऊन पोचलो.

आणीबाणीत आम्ही दोघं अठरा वर्षांचे कारागीर. पोलिसांनी उचलून नेलेल्या माणसांची चित्रकथा सलीमने कारखान्याच्या भिंतीवर काढली. विणलेल्या कापडाच्या प्रत्येक ताक्यावर कारागीर शाईने आपला नंबर टाकायचा. त्याच सवयीने त्याने चित्राखालीही सत्तावीस लिहिलं!

हवालदाराने माझी कॉलर धरली. "ये सत्ताईस कौन है?"

मी म्हणालो, "सलीम."

तो आठ महिने तुरुंगात होता. नाव कोणी सांगितलं, ते त्याला कधीच कळलं नाही.

आता त्या दिवसांचं त्याने चित्रांतून आत्मचरित्र केलंय. लूमवाल्याचं पुस्तक! मी अख्ख्या गल्लीला दाखवलं. त्यात हवालदारासमोर मी ओठ मिटून ताठ उभा आहे.

"आजोबा, तुम्ही तर हिरो!" नात म्हणाली.

मी सलीमला फोन लावला.

"क्यूं बे, चित्र में तेरी नाक बराबर आयी ना?"

"एकदम बराबर. अभिमान वाटतो रे तुझा."

ते खरंच होतं. पण फोन केला होता 'माफ कर' म्हणायला, आणि तेवढंच राहिलं.