चोलेंगचा दुसरा कागद

चोलेंग आगबायानीला आयुष्यात कुणाच्या तोंडावर "तुमचं चुकतंय" म्हणता आलं नव्हतं. हॉटेलवाल्याने दुसऱ्याच्या नावाचा डबा हातात दिला तर ती तो घरी आणून खायची. दातांच्या डॉक्टरने एकदा भलत्याच दातावर बोट ठेवून विचारलं, "हाच ना तो?" तर ही म्हणाली, "येस डॉक्टर." नशिबाने त्याने भूल देण्याआधी एक्स-रे पाहिला. विनिपेगच्या उत्तर भागातल्या आम्ही बायका चर्चनंतर कॉफी प्यायला बसलो की या गोष्टी तिच्यादेखत सांगायचो, आणि तीच सगळ्यांत जास्त हसायची.

चार वर्षं तिने थोरडार्सन आजोबांना सांभाळलं. जानेवारीत ते गेले. मुलांनी घर विकायला काढलं, तेव्हा तिची खोलीही गेली. ती तिच्या चुलत बहिणीच्या, मनांग पासिंगच्या तळघरात राहायला आली. मनांग म्हणजे थोरली बहीण. चोलेंगच्या गावाकडे वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने कुणी हाक मारत नाही.

इथे कायमचं राहण्यासाठी केलेल्या तिच्या अर्जाला तीन वर्षं होऊन गेली होती. तो मंजूर झाला की नवरा आणि दोन मुलं गावाकडून, बाताकहून येणार. तोवर इथे टिकायचं तर काम हवं, आणि कामही तेच, घरी राहून आजारी माणसाची सेवा. घर कुठलंही चालेल, काम बदलून चालणार नव्हतं. कामाचा परवाना अकरा डिसेंबरला संपला होता. पण त्याआधीच तिने मुदतवाढ मागितली होती आणि सरकारचं पत्रही आलं होतं: निर्णय लागेपर्यंत आधीच्याच अटींवर काम चालू ठेवता येईल. म्हणजे तिच्याजवळ कागद दोन होते, एक संपलेला आणि एक त्याला जिवंत ठेवणारा. दोन्ही तिने लॅमिनेट करून घेतले होते. लहानपणी पुरात घरातल्या सगळ्यांचे बाप्तिस्म्याचे दाखले लगदा झाले, तेव्हापासून आगबायानींच्या घरात कागद आला की आधी प्लास्टिकमध्ये जायचा.

फेब्रुवारीच्या सहा तारखेला ती नदीपलीकडे गोसलँबाईंकडे कामासाठी भेटायला गेली. मादाम गोसलँ एक्याण्णव वर्षांच्या, डावी बाजू लुळी. चोलेंगने त्यांचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावला, आपल्या आजीचा लावायची तसा. मादामनी तो हात काढूनच घेतला नाही.

"हिला ठेव," त्या लेकीला म्हणाल्या. "हिचे हात गरम आहेत."

लेक लुसील. वय अडुसष्ट, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिने चोलेंगला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, चष्मा लावला आणि परवाना मागितला. चोलेंगने पहिला कागद ठेवला.

"याची मुदत डिसेंबरात संपलीय."

"येस मॅम."

"म्हणजे तुम्हाला काम करायची परवानगी नाही."

दुसरा कागद मांडीवरच्या पिशवीत होता. बोटं त्याच्या कडेवरून फिरतही होती. पण ही बाई तिच्याहून वीस वर्षांनी मोठी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी बसलेली, आणि तारखेचं तर ती खरंच बोलत होती. तिला मधेच तोडून "नाही, ऐका" कसं म्हणायचं?

"सॉरी मॅम," चोलेंग म्हणाली.

"मलाही वाईट वाटतंय. पण उद्या चौकशी आली तर दंड मला व्हायचा."

"येस मॅम. थँक्यू मॅम."

ती इतक्या घाईने बाहेर पडली की परवाना टेबलावरच राहिला.

"पत्र दाखवलंस?" मनांग पासिंगने हॉटेलच्या लाँड्रीतून आल्या आल्या विचारलं.

"नाही."

"का? पिशवीला कुलूप होतं?"

"ती बोलत होती गं."

"ती बोलत होती! अगं, ती काय बिशप आहे? उद्या तुला कुणी सांगितलं, चोलेंग, तू मेलीस, तर तू येस मॅम म्हणून शवपेटीत जाऊन झोपशील."

चोलेंग हसली. मग भांडी घासता घासता तिचे खांदे हलायला लागले, आणि ते हसणं नव्हतं. मनांगने तिच्या हातातली परात काढून घेतली. "नवऱ्याला काय सांगू?" चोलेंग म्हणाली. "कागद होता, पण मला लाज वाटली?"

सकाळी लुसीलचा फोन आला, तुमचा कागद इथेच राहिलाय. बसमध्ये चोलेंगने वाक्य पाठ केलं: मॅम, माझ्याकडे आणखी एक पत्र आहे. सतरा थांबे तेच. लुसीलने दार उघडलं, कागद पुढे केला. चोलेंगने दोन्ही हातांनी घेतला.

"थँक्यू मॅम," ती म्हणाली आणि वळली.

तेवढ्यात आतून मादाम ओरडल्या. लुसील धावली. चोलेंग तिच्या मागे, बर्फाने माखलेल्या बुटांसकट. मादाम खुर्चीतून अर्ध्या घसरल्या होत्या. लुसीलने त्यांच्या काखेत हात घालून ओढायला सुरुवात केली, आणि लुळा डावा खांदा विचित्र वर आला.

"चूक!" चोलेंग म्हणाली. "सोडा. खांदा निखळेल. बाजूला व्हा."

लुसील बाजूला झाली.

चोलेंग गुडघ्यांवर बसली. आपला गुडघा मादामच्या लुळ्या गुडघ्याला टेकवून तिने तो रोखून धरला, त्यांचे पाय मागे घेतले, कमरेभोवती हात घातला. "मादाम, पुढे वाका. नाक पायाच्या बोटांवर आणा. आणखी. मी करतेय तसं. आता माझ्याबरोबर, एक, दोन." आणि मादाम वर आल्या, सरळ खुर्चीत, केस विस्कटलेले, पण खांदा जागच्या जागी.

गालिच्यावर बुटांखाली बर्फ वितळून डबकं झालं होतं.

"सॉरी मॅम, बूट..."

"बुटांचं राहू द्या," लुसील धापा टाकत म्हणाली. "तुम्ही मला चूक म्हणालात."

"येस मॅम." चोलेंग आता थांबेना. "कालपण. कालपण तुमचं चुकलं मॅम. अर्धं." तिने पिशवीतून दुसरा कागद काढला.

लुसीलने तो उभ्यानेच दोनदा वाचला. मग प्लास्टिकवर नख घासून पाहिलं. "असला कागद कुणीही छापेल."

"हो. म्हणून हे पाहा." चोलेंगने फोनवर सरकारी खातं उघडलं. अर्ज मिळाल्याची तारीख अठरा नोव्हेंबर. निर्णय: अजून नाही. खाली तेच पत्र. लुसीलने अर्जाचा नंबर एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला.

"तारखेआधी अर्ज केलेला. आणि घर कुठलंही चालतं?"

"काम हेच. घर कुठलंही."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"तुम्ही बोलत होता, मॅम."

खुर्चीतून मादाम खुदकन हसल्या. "तिच्यापुढे कोण बोलणार? मी तिची आई, मला अजून जमलेलं नाही."

लुसीलने चष्मा काढला. तिने आईच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. "दोन वर्षं मी त्यांना अशीच ओढतेय," ती हळूच म्हणाली. "त्यांना दुखत असेल का?"

चोलेंगच्या ओठांवर आलं होतं, नाही मॅम, मुळीच नाही.

"दुखत असणार," ती म्हणाली. "पण शिकवते मी. अवघड नाही. या, माझ्या जागी बसा. गुडघा इथे टेकवा."

लुसीलने कागद कपाटावर ठेवला आणि आईसमोर गुडघे टेकले.

"आता माझीच शाळा करा," मादाम कुरकुरल्या, आणि पाय मागे घेऊन, नाक खाली घालून वाट पाहू लागल्या.